रेखाताईंची सही

रेखा पांडू भडकल्या की आधी चष्मा काढतात. त्या रविवारी लंडनजवळच्या स्लाऊच्या हॉलमध्ये त्यांनी चष्मा काढला, आणि नंदूनं हातातली चहाची किटली खाली ठेवली. तो त्यांना तरुणपणापासून ओळखतो.

दोघंही मॉरिशसचे मराठी. पणजोबा महाराष्ट्रातून तिथल्या उसाच्या मळ्यात राबायला गेलेले, रेखाताई नर्स होऊन इंग्लंडला आल्या. इथलं मराठी मंडळ काढलं ते या दोघांनी आणि मॉरिशसच्याच काही घरांनी. तेव्हा त्यांचा देश नुकताच प्रजासत्ताक झाला होता. राणीचा गव्हर्नर जनरल गेला, राष्ट्रपती आला, बंगला मात्र तोच! संसदेनं त्याला निवडायचं, पंतप्रधानानं कारभार हाकायचा, राष्ट्रपतीनं सही करायची. फार तर कायदा एकदा परत पाठवायचा. पुन्हा आला की मुकाट्यानं सही. रेखाताईंनी मंडळाच्या अध्यक्षाला हुबेहूब तेच काम लिहून दिलं. शाल, नारळ आणि कमिटीच्या ठरावावर सही.

पुढे पुण्या-नागपूरची आयटीतली मंडळी आली. कामसू होती, खोटं कशाला बोला? पण कमिटी हातात आली आणि आयत्या बिळावर नागोबा झाले. यंदाचा ठराव असा, की ज्यांचे आईवडील महाराष्ट्रात जन्मले त्यांनाच मत. यंदा अध्यक्ष रेखाताईच, त्यांनी तो परत पाठवला. कमिटीनं जसाच्या तसा पुन्हा मंजूर केला, आणि त्या रविवारी सेक्रेटरी स्वातीनं तो त्यांच्यासमोर ठेवला.

"ताई, तुम्ही एक्सेप्शन आहात हं. तुम्हाला ऑनररी लाइफ मेंबर करतोय."

"आणि नंदू?"

"नंदूकाका असोसिएट मेंबर. गणपतीचे मोदक त्यांनीच करायचे, ऑफ कोर्स!"

"म्हणजे त्याचे मोदक चालतात, मत चालत नाही?"

स्वाती ओशाळली, पण हटली नाही. रेखाताईंचा लाडका किस्सा तिला पाठ होता. मॉरिशसच्या एका राष्ट्रपतींनी दहशतवादविरोधी कायद्यावर सही करायचं नाकारलं, राजीनामा दिला. उपराष्ट्रपतींनीही तेच केलं. दर गणपतीत रेखाताई छाती फुगवून हे सांगायच्या.

"तुम्हाला पटत नसेल तर रिझाइन करा ना, ताई. वी विल रिस्पेक्ट दॅट. मग पद्माकर सही करतील."

उपाध्यक्ष पद्माकरांनी पेनाचं टोपण आधीच काढलं होतं. ते दिसलं, बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि चष्मा उतरला.

"वा गं वा! माझीच गोष्ट मला शिकवतेस? तिचा शेवट ऐकलास का कधी? दोघं गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिसरा खुर्चीत बसला आणि सही करून मोकळा झाला! कायदा झाला तो झालाच. इतकी वर्षं मीही टाळ्याच वाजवल्या, मूर्खासारख्या. मी राजीनामा देणार नाही. आणि सहीही करणार नाही."

"अहो, पण हे मंडळाच्या घटनेच्या विरुद्ध आहे!"

"आहे ना! मग काढा मला. अध्यक्षाला काढायला कमिटी पुरत नाही, सगळ्या सभासदांची सभा लागते. आणि माझी सही होत नाही तोवर नंदू सभासद आहे. त्याच्या सुना सभासद, ईलिंगची आमची सगळी घरं सभासद. बोलव सभा! त्यांच्यासमोर उभी राहा आणि सांग, की तुम्ही मराठी नाही म्हणून."

स्वातीनं पद्माकरांकडे पाहिलं. पद्माकर टेबलाखाली टोपण शोधत होते.

नंदूला भराभर बोललेलं मराठी अर्धंच कळतं. आपल्यावरून भांडण जुंपलंय, एवढं मात्र कळलं होतं. त्यानं अंगात कोट चढवला.

"रेखा, मी जातो काय? माझ्यासाठी भांडू नको."

"खबरदार हललास तर! कोट काढ आणि बस इथे, माझ्या शेजारी," रेखाताई कडाडल्या. मग स्वातीकडे वळल्या. "आणि मोदकांचंही त्या सभेतच ठरू दे. तोवर तुमचे तुम्ही करा."