चतुर्थीपर्यंतचे शेजारी

हे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. सकाळी माशांची पाटी दारात उतरली की चार बायका गोळा होतात आणि त्यातली एक विचारतेच, "काय गो रेश्मा, तुमची गोरी शेजारीण काय म्हणता?" मी एक सांगते. तेवढ्यात दुसरी म्हणते, तो कालचा सांग. मासे राहतात बाजूला! घरात शिरले की सासूबाई, "बांगडे आणूक गेललंस की कीर्तनाक?" म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

तर इल्से आणि यान. हॉलंडचं जोडपं. यान इंजिनीयर, आमच्या भागातल्या एका आंबारसाच्या फॅक्टरीत मशीन बसवायला आलेला. आमच्या मिठबाव गावात बाजूचं घर मुंबईवाल्यांचं, कायम कुलूप. फॅक्टरीने ते या दोघांना भाड्याने घेऊन दिलं. दुसऱ्याच दिवशी इल्सेने मोबाईलमध्ये काहीतरी बोलून त्याचं मराठी मला ऐकवलं. मोबाईल म्हणाला, "आम्ही सप्टेंबरपर्यंत बघणार. मला इथे करमले तर राहणार. नाहीतर परत जाणार."

यानला तर विमानातून उतरल्या उतरल्या करमलं होतं. प्रश्न हिचाच होता.

सासूबाई म्हणाल्या, "सप्टेंबर म्हंजे चतुर्थी. चतुर्थीपर्यंत बघूया म्हणता ती."

त्या दिवसापासून मला घोर लागला. माझे मिस्टर बोटीवर, महिनोन्‌महिने घरी नसतात. घरात आई म्हणजे सासूबाई, आबा म्हणजे माझे सासरे, आणि माझी चिमुरडी ओवी. माझ्या वयाच्या सगळ्या मुंबईला. कितीतरी वर्षांनी बाजूच्या घरात दिवा लागला होता, तो चतुर्थीनंतर परत विझणार की काय!

* * *

आमच्याकडे दार वाजवायची पद्धत नाही. दार असतं ते रात्री लावायला. दिवसा मागच्या दाराने "आसात काय गो?" म्हणत सरळ चुलीपर्यंत जायचं.

पहिल्याच सकाळी आई गरम घावण्यांचं ताट घेऊन तशाच आत गेल्या. यान नुकता आंघोळ करून टॉवेलवर उभा! तो असा ओरडला की मी ओवीला कडेवर घेऊन धावले. मला वाटलं, साप निघाला.

आई जागच्या हलल्या नव्हत्या. त्याला म्हणत होत्या, "आरडतंस कित्याक? घावणे नको तर नको म्हणान सांग!"

त्याने त्याच आठवड्यात पुढच्या दाराला बेल बसवली. लोकांना बेल फार आवडली. मागच्या दाराने आत यायचे, बसायचे, चहा प्यायचे आणि पुढच्या दाराने जाताना बेल वाजवायचे. "चललंव आमी" म्हणून!

* * *

मग टोपाचं झालं. आईंनी एका टोपातून माशाची कढी पाठवली. इल्सेने टोप लख्ख घासून परत केला. रिकामा!

आईंचा चेहरा पडला. मी इल्सेला समजावलं, भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं, काहीतरी घालायचं असतं. झालं! संध्याकाळी टोपातून केक आला. आईंनी टोपात खोबऱ्याच्या वड्या घातल्या. तिकडून उकडलेले बटाटे आले, आईंनी सोलकढी पाठवली. तिकडून पॅनकेक, इकडून आंबोळ्या. टोप दिवसभर कुंपणावरून उड्या मारत होता.

शेवटी इल्सेने मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यां थांबता कधी?"

मी म्हटलं, "थांबत नाय!"

एकदा यान स्वतः टोप घेऊन आला. आत एकच कांदा. पँटच्या बटणाकडे बोट दाखवून म्हणाला, "आई, आता बस. लागत नाय."

आईंनी कांदा घेतला आणि टोपात शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा गोड रस घालून दिला. वर म्हणाल्या, "पँट सैल शिवून घे!"

* * *

एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल की इल्से मालवणी बोलायला लागली होती. तिची मास्तरीण म्हणजे आमच्या आई. मोबाईलचं मराठी त्यांना पटत नव्हतं. "तो मेलो मोबाईल भटासारख्या बोलता" म्हणायच्या.

एकदा कसल्याशा कागदावर शिक्का मारून घ्यायला मी तिच्याबरोबर तालुक्याच्या एका ऑफिसात गेले. तिथले साहेब अगदी अदबीने म्हणाले, "आपण कृपया बसून घ्या. आपलं काम लगेच होऊन जाईल."

इल्से म्हणाली, "बसतंय. पण बेगीन करा हां, माझी माशाची कढी गॅसार आसा!"

साहेबांचा शिक्का हवेतच राहिला!

बाहेर आल्यावर तिने मला दंडाला धरून विचारलं, "रेश्मा, तो माणूस खंयचो? आमच्यासारखो भायरचो?"

"नाय गो, हयलोच. पलीकडच्या वाडीतलो."

"मगे असो कित्याक बोलता?"

"ऑफिसात तसाच बोलतत."

तिला ते काही पटलं नाही. रिक्षात बसेपर्यंत त्या साहेबांसाठी हळहळत होती. "बिचारो! तेका तुझ्या सासवेकडे धाड. ती शिकयतली."

* * *

ओवीचं जेवण हा माझा रोजचा छळ. पेजेची वाटी घेऊन मी मागे, ती पुढे. खळ्यातून पडवीत, पडवीतून माडाच्या बुंध्यापाशी. तिचं अंगच धरत नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, मूल चांगलं आहे. पण डॉक्टरांना काय, रात्री तिच्या बरगड्यांवरून हात मी फिरवायची!

एक दिवस इल्से आमच्या पडवीत ताट घेऊन जेवत बसली होती. आमची वरात दोनदा तिच्यासमोरून गेली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तू धावतंस म्हणान ती धावता. तू बस."

"बसलंय तर खायत कशी?"

"बस गो!"

बसले. पाय नुसते शिवशिवत होते. ओवी थोडी पुढे गेली, मागे वळून बघितलंन. कोणीच धावत नाही म्हटल्यावर परत आली, इल्सेच्या मांडीला टेकली आणि सरळ तिच्या ताटातला तळलेला बांगडा उचललान!

मी ओरडले, "काटो!"

इल्सेने शांतपणे बांगडा तिच्या हातातून घेतला, काटा काढला, मासा चिमटीत चुरून भरवला. ओवीने आ केला. परत आ केला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इल्से माझ्याकडे बघून म्हणाली, "रडतंस कित्याक? तुका पण व्हयो?"

* * *

पण आषाढ लागला आणि गंमत संपली. आमचा पाऊस ज्याने बघितला नाही त्याला सांगून कळायचं नाही. लाईट जायची ती जायचीच. कपडे वाळेनात. यानच्या बुटांना हिरवी बुरशी आली, तिच्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली. इल्से दिवसेंदिवस गप्प. कुंपणावरून टोप जायचा, तो संध्याकाळी यानच परत आणायचा.

एकदा ती पडवीत येऊन बसली आणि आबांना विचारलंन, "आबा, हो पाऊस बंद कधी होता?"

आबा म्हणाले, "होतलो. चतुर्थीक मुंबयकार इले की उघडतलो."

तिला जरा बरं वाटलं. "आणि ते गेले की?"

"परत पडतलो!"

ती उठून घरात गेली. नंतर बरेच दिवस आमच्या पडवीत फिरकलीच नाही. मी आबांवर चिडले. आबा म्हणतात, "मगे काय, खोटा सांगू?"

श्रावणात एक दिवस चांगलं ऊन पडलं. मी कपडे वाळत घालायला गेले आणि बघते तर काय, त्यांच्या पडवीत दोन्ही मोठ्या बॅगा! उघड्या, आ वासून उन्हात ठेवलेल्या, आतल्या अस्तरावर हिरवे डाग.

माझ्या हातातली चादर चिखलात पडली.

धावत घरात येऊन आईंना सांगितलं. म्हटलं, विचारते जाऊन. आईंनी हात धरला. "खुळी की काय? जाणाऱ्याक खंय चललंस म्हणान विचारतत?"

तेही खरंच. आमच्याकडे निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारत नाहीत, काम होत नाही म्हणतात. मग कोणीच विचारलं नाही. आम्ही नुसते त्या बॅगांकडे बघायचो. आईंनी मात्र टोपाऐवजी डबे पाठवायला सुरुवात केली, वाटेत सांडू नये असे, कोकमं, लोणचं, कुळथाचं पीठ. इल्से गोंधळून डबे घ्यायची, आणि मी तोंड फिरवायची.

* * *

चतुर्थी आली. दोघं आमच्याकडेच होती. इल्सेने माझी साडी नेसलेली, कडेवर ओवी. यान आबांच्या झब्ब्यात घामाने निथळत होता. आरती झाली आणि आबा गाऱ्हाण्याला उभे राहिले.

गाऱ्हाणं म्हणजे घरातला मोठा माणूस देवासमोर नारळ ठेवतो आणि सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागतो. त्याचं एकेक वाक्य संपलं की मागे उभ्या असलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. एवढंच काम. यान आणि इल्सेकडून आईंनी ते आधीच घोटून घेतलं होतं.

"बा देवा गणपती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमलीत. तेंनी जी काय वेडीवाकडी सेवा केली ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझो झील बोटीर आसा. तेका आणि तेच्या बोटीक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" इथे माझा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

"ह्या नातीच्या पोटात दोन घास जास्त जावंदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग आबा थांबले. खाकरले. आवाज जरा खाली आला.

"आणि म्हाराजा, ही शेजारची दोन लेकरां समुद्रापलीकडसून तुझ्या दारात इली, आमच्यात मिसाळली. आता तेंका आपल्या मुलखाक परत जावचा आसा. वाटेत कसली इडापिडा न येता तेंका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!"

मी समईची वात सारखी करायला वाकले. बाकीच्यांनी "व्हय..." सुरू केलं, आणि त्या सगळ्यांना दाबून मागून इल्सेचा आवाज आला.

"नाय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला कोणी नाय म्हटलेलं आमच्या वाडीत आजवर कोणी ऐकलं नव्हतं. आईंचा हात तोंडावर गेला. यानने बायकोकडे बघितलं, बघतच राहिला, आणि मग हळूच म्हणाला, "नाय म्हाराजा."

आबांनी मागे वळून बघितलं नाही. गाऱ्हाणं चालू असताना देवाकडे पाठ करत नाहीत. नारळावर हात ठेवून तसेच उभे राहिले. मग परत सगळी वाडी ऐकेल असा आवाज लावला.

"तर बा देवा म्हाराजा, आता मागितलंय ता माझा चुकला. ता रद्द कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"