‘कै.’ शोधून देणारं प्लगइन

खाडीचं पाणी खराब झालं तेव्हा मी सहावीत होते. बाबांच्या जाळ्यात मासळी यायची, पण तिला रॉकेलसारखा वास असायचा. आई ती टोपलीत घालून डोंबिवलीच्या बाजारात बसायची. गिऱ्हाईक मासा उचलायचं, नाकाशी न्यायचं आणि परत ठेवायचं. आई म्हणायची, “ताजा हाय बाय, धुऊन बघ.” धुऊन जाणारा वास नव्हता तो. उरलेली मासळी दुपारी आमच्याच घरात शिजायची आणि आम्ही चौघं भावंडं तीच जेवायचो. पुढे बाबांनी होडी उपडी घातली ती कायमची, आणि शीळफाट्याकडच्या खदानीत दगड भरायला जायला लागले.

आमच्या घरात पाचवीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.कॉम. झाले. हे मी जरा मोठ्याने सांगते, आणि सांगणारच. पण पदवी घेऊन घरी आल्यावर कळलं की नोकरी मागायला गेलं की सगळे विचारतात, “कॉम्प्युटर येतो का?” येत नव्हता. मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट होतं, त्याच्या जोरावर डोंबिवली स्टेशनजवळच्या एका डीटीपीच्या दुकानात मला घेतलं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. दुकान जिन्याखालचं, दोन कॉम्प्युटर, एक लेसर प्रिंटर, आणि मालक, ज्यांना मी सर म्हणायचे. बोली तीन महिन्यांची होती. जमलं तर कायम, नाहीतर राम राम.

काम बहुतेक लग्नपत्रिकांचं. फाइलीला नाव द्यायला आठच अक्षरं मिळायची, म्हणून सगळ्या फाइली ‘लग्न’ आणि पुढे नंबर अशा. साडेतीनशेच्या वर लग्नं होती मशीनमध्ये, आणि कुठल्या नंबरात कोणाचं लग्न आहे ते सरांच्या डोक्यात. नवी पत्रिका कोऱ्या पानावर कोणी करत नसे. जुनी उघडायची, नावं बदलायची, नव्या नंबराने ठेवायची. सगळ्याच दुकानांत हीच रीत होती. मी पंधरा दिवसांत ती शिकले आणि स्वतःवर खूश झाले.

मग आमच्या शेजारच्या गावातली एक पत्रिका आली. त्या गावात निम्मी घरं एकाच आडनावाची, आणि आजोबांची नावंही तीच तीच. मी त्याच गावातल्या दुसऱ्या घराची जुनी पत्रिका उघडली. नवरा बदलला, नवरी बदलली, तारीख बदलली, मामा-काका बदलले. आजोबांचं नाव दोन्ही घरांत तेच होतं, म्हणून त्याला हातच लावला नाही. जुन्या पत्रिकेतले आजोबा वारलेले होते. नव्या पत्रिकेतले नव्हते.

पत्रिका छापून गेल्या, आणि चौथ्या दिवशी आजोबा स्वतः दुकानात आले. पांढरं धोतर, हातात पत्रिका. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले आणि नावावर बोट ठेवलं.

“पोरी, मी कवा मेलू? मना कोनी सांगलाच नाय.”

मी पत्रिका बघितली. नावाआधी ‘कै.’ होतं, आणि मीच निवडलेल्या सोनेरी शाईत चांगलं ठळक उठलेलं.

सर धावत आले, हात जोडले. आजोबा शांतच. “नाय, मेलू आसन तं सांगा. मंग मी शेतावर कशाला जातू सकालचा?”

ते गेल्यावर सर माझ्याकडे वळले. “अगं, तुमच्याच लोकांची पत्रिका. कोण जिवंत, कोण गेलेला, हे मला माहीत असणार का तुला?”

सातशे पत्रिका परत आल्या. पुन्हा छापायला वेळ नव्हता. मी त्या शनिवारी घरी आणल्या आणि ब्लेडने एकेका पत्रिकेवरचं ‘कै.’ खरवडायला बसले. आईने थोडा वेळ बघितलं आणि बाजूला येऊन बसली. “खवलाच काराची हाय ना, आन इकरं.” माशांची खवलं काढून काढून तिचा हात माझ्यापेक्षा हलका झाला होता. रविवारी जेवणाआधी सातशे आजोबा जिवंत झाले. नावाच्या डावीकडे एक फिकट डाग राहिला, तेवढाच.

सोमवारी सर म्हणाले, “हे बघ, माणूस चुकतो. पण अशी दुसरी चूक झाली तर मी तुला ठेवू शकणार नाही. सीझन संपेपर्यंत बघू.”

आता माझी नोकरी कुठल्यातरी जुन्या फाइलीत लपलेल्या एका अक्षरावर होती. तशा फाइली किती, कुठल्या, हे बघायचं तर एकेक उघडावी लागणार. एक उघडायला मिनिटभर जायचं, कधी जास्तच.

सर कॉम्प्युटरचं एक मासिक घ्यायचे, वाचायचे नाहीत. त्याच्याबरोबर सीडी यायची, ती ते चहाचा कप ठेवायला वापरायचे. एका दुपारी काम नव्हतं म्हणून मी त्यातली एक पुसून मशीनमध्ये घातली, आणि तिच्यात मला एक फाइल मॅनेजर, म्हणजे मशीनमधल्या फाइली मांडून दाखवणारा प्रोग्राम, सापडला. पडदा मधोमध दुभागलेला, डावीकडे एक कपाट, उजवीकडे दुसरं, इकडची फाइल एका बटणात तिकडे. एवढ्यानेच मी खुर्चीत सरसावून बसले. पण खरी गंमत पुढे होती. शेजारच्या फोल्डरमध्ये त्याची प्लगइन होती, म्हणजे मूळ प्रोग्रामला बाहेरून जोडायचे छोटे छोटे तुकडे. एक जोडलं की चित्रं दिसतात, दुसरं जोडलं की फाइली दाबून लहान होतात, तिसऱ्याने नावं बदलतात. चाळीसेक तरी होती. मला जत्रेत सोडल्यासारखं झालं. मी सगळी जोडली.

दुसऱ्या दिवशी तो प्रोग्राम उघडेपर्यंत सरांचा चहा पिऊन झाला. कोपऱ्यात एक घड्याळ आलं, फाइलींना रंग आले, आणि वरचा मेन्यू एकदम भलत्याच भाषेत बोलायला लागला. सरांनी चष्मा कपाळावर नेला.

“हे काय, संस्कृत?”

“नाही सर, जर्मन असावं.”

“छान. आता जर्मन लोकांच्या पत्रिका घे.”

मी सगळी काढून टाकली. पण सोडणार नव्हते. वाया गेलेल्या पत्रिकांच्या पाठीवर मी एक यादी सुरू केली. काम करताना हात कुठे अडला की तिथे लिहायचं, आणि पुन्हा तिथेच अडला की पुढे रेघ मारायची. आठ दिवस रेघा मारल्या. सर्वांत जास्त रेघा ‘फाइलीत काय आहे ते न उघडता कळत नाही’ याच्यापुढे. त्यानंतर ‘फ्लॉपीत मावत नाही’. त्यानंतर ‘नाव कुठल्या फाइलीत आहे सापडत नाही’. कोपऱ्यात घड्याळ नाही म्हणून माझा हात एकदाही अडला नव्हता.

मग मी पुन्हा त्या फोल्डरकडे गेले. जत्रेत गेल्यासारखी नव्हे. आई बाजारात जाते तशी, काय घ्यायचं ते ठरवून.

मोठी फाइल कापून चार फ्लॉप्यांत भरणारं प्लगइन लगेच मिळालं. कापून पुन्हा जोडून बघितलं, जशीच्या तशी जुळली. ते ठेवलं. एका बटणात शेकडो फाइलींची नावं बदलणारंही एक होतं, फार मोहात पाडणारं. पण एक नाव न बदलल्यामुळे माझी ही गत झालेली. साडेतीनशे एकदम बदलायची हिंमत नव्हती. ते नाही घेतलं.

न उघडता फाइल दाखवणारी चार होती. मी त्याच दहा पत्रिका चारही प्लगइनांतून बघितल्या. पहिल्या तिन्हींत नुसता कचरा दिसला, इंग्रजी अक्षरं, डॉलर, टिंबं, कंस. आमचे मराठी फॉन्ट आतून इंग्रजीच्याच खुणा वापरायचे, त्यामुळे तसं दिसणारच. चौथ्यात मात्र कोणत्या फॉन्टमध्ये दाखवायचं ते निवडता येत होतं. मी आमचा फॉन्ट निवडला आणि पडद्यावर ‘श्री गणेशाय नमः’ आलं. मध्ये थोडा कचरा होता, पण नवरा दिसत होता, नवरी दिसत होती, आजोबा दिसत होते. खालच्या बाणाचं बटण दाबलं की पुढचं लग्न. मी बाण दाबत सुटले. साडेतीनशे लग्नं माझ्यासमोरून गेली आणि मी एकही फाइल उघडली नव्हती.

“सर, इकडे या.”

“काय झालं आता?”

“काही झालं नाही. बघा तुम्ही.”

त्यांनी बघितलं. मग स्वतः बाण दाबायला लागले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, “हे याचं पहिलं लग्न बरं का. दुसरं पुढे आहे.”

राहिलं शोधायचं. त्यासाठी दोन प्लगइन होती. एकाला फक्त इंग्रजी शब्द कळायचे, खुणा दिसल्या की त्या सोडून द्यायचं. दुसऱ्याला काहीही दिलं तरी ते जसंच्या तसं शोधायचं. दुसरं घेतलं. पण त्याच्या चौकटीत मी मराठी टाइप केलं की काहीच सापडेना. एक अख्खा दिवस माझं डोकं चालेना. मग सुचलं, की मशीन ‘कै.’ ओळखत नाही, ते त्यामागच्या खुणा ओळखतं. मी चौथ्या प्लगइनमध्ये आजोबांची तीच पत्रिका काढली, ‘कै.’ निवडलं, आणि फॉन्ट बदलून साधा केला. तिथे एक एच होता, एक उलटं उद्गारचिन्ह, एक डॉलर आणि टिंब. तेवढं उचललं, शोधायच्या चौकटीत टाकलं आणि बटण दाबलं.

यादी धावायला लागली. ज्या ज्या लग्नात कोणी कैलासवासी होतं, ती सगळी एकाखाली एक. मी खुर्चीतून उठून उभी राहिलेले, हे मला सरांनी नंतर सांगितलं. बी.कॉम.ला हे कोणी शिकवलं नव्हतं. हे माझं मी शोधलेलं.

त्यानंतर महिन्याभरातच आसपासच्या गावांनी मिळून सामुदायिक विवाह ठरवला. एकवीस जोडपी, आणि प्रत्येकाच्या घरच्यांची नावं असलेली एक पुस्तिका. काम आमच्या दुकानात आलं ते त्या आजोबांमुळे. ते गावच्या पंचांत होते. सर्वांसमोर म्हणाले, “जिनं मना मारला तिलाच द्या. ती आता दुसऱ्याला मारायची नाय.”

सर घाबरले. एकवीस घरं, तीच आडनावं, तीच नावं. “होईल का?” त्यांनी विचारलं. “झालं नाही तर माझं दुकान जाईल.” माझं काय जाईल, ते बोलायची गरज नव्हती.

मजकूर भरून झाल्यावर मी तिन्ही प्लगइन कामाला लावली. आधी ‘कै.’ शोधलं, मग ‘गं. भा.’ शोधलं, कारण विधवेच्या जागी सौभाग्यवती किंवा उलटं छापलं तर ती चूक ब्लेडने निघत नाही. प्रत्येक ठिकाणचं नाव बाणाने बघून कागदावर उतरवलं. यादी घेऊन मी त्या गावच्या देवळात गेले. पंच ओट्यावर बसलेले. मी एकेक नाव वाचायला लागले आणि ते एकेक उत्तर देत गेले.

“गेला.”

“गेला. चांगला मानूस व्हता.”

“गेला. माजं पावशेर सुकं कोलीम उधारीवर घेऊन गेला.”

“ह्यो गेला,” एक जण म्हणाला, “पन मेला नाय.”

“म्हणजे?”

“लेकीकरं शहाडला गेलाय. हितं नाय राहत आता, म्हनून कोनीतरी तुला गेला सांगलं आसंल.”

मी त्या नावाआधीच्या ‘कै.’वर काट मारली. आजोबांनी ती काट वाकून बघितली. “बघ,” ते म्हणाले, “माज्या जोरीला आनखी एक आलता.”

मग त्यांनी मी बरोबर नेलेल्या पुस्तिकेच्या प्रुफातून बाकीचीही नावं वाचायला सांगितली, म्हणजे जिवंतांची. त्यात एक जण निघाला जो मजकूर दिल्यावर वारलेला. मशीनने तो कधीच दाखवला नसता. त्याच्या नावाआधी मी तिथेच पेन्सिलने ‘कै.’ लिहिलं.

दुरुस्त केलेली पुस्तिका चार फ्लॉप्यांत कापून मी स्वतः ठाण्याला प्रेसवर नेली. तिथे जोडून बघितली, अख्खी उघडली. लग्नाच्या दिवशी मंडपात लोक पुस्तिका हातात घेऊन आधी आपल्या घराचं पान बघत होते, आणि मी खांबाशेजारी उभी राहून त्यांचे चेहरे. कोणीही माझ्याकडे आलं नाही.

एकवीस घरांच्या त्या पुस्तिकेत एकही चूक निघाली नाही. सीझन संपल्यावर सरांनी मला कायम केलं. त्याचं पत्र त्यांनी तोंडी सांगितलं आणि मी टाइप केलं. आमच्या घरात आलेलं नोकरीचं ते पहिलं पत्र होतं.