हिंदीतली शिक्षा

कराडच्या स्टेशनावर अण्णांनी बॅग मला उचलू दिली नाही. शेजारचे काका भेटले, तर म्हणाले, "हिची सुट्टी संपली, पोचवायला चाललोय." चौतीस वर्षांच्या मुलीला पोचवायला बाप दिल्लीपर्यंत का जातो, हे काकांनी विचारलं नाही. आई, तू दारातूनच निरोप दिलास. रडलीस, आणि डब्यात इतक्या दशम्या भरल्यास की आग्रा आलं तरी संपल्या नव्हत्या.

आम्ही चाललो होतो पानिपतजवळच्या एका नशामुक्ती केंद्रात. गुरुग्रामच्या ऑफिसात बसून बसून पाठ धरली, म्हणून सुरू केलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या चार वर्षांत दिवसाला पंधरावर गेल्या होत्या. दारू नाही, सुई नाही, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणते, मग हे व्यसन कसलं, असं मी स्वतःला पटवत असे. मीटिंगमध्ये सगळ्यांत जास्त हसणारी मीच होते. गोळी चुकली की मात्र हातात कप धरवायचा नाही.

सुट्टीत घरी आले तेव्हा हे उघडकीला आलं, आणि केंद्र अण्णांनी फोनवरून ठरवलं. साखर कारखान्याच्या ऑफिसात जन्म गेलेल्या माणसाचं हिंदी ते किती असणार! पलीकडचा माणूस म्हणाला, "हमारे यहाँ शिक्षा दी जाती है, अंकल." अण्णांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "शिक्षा करतात म्हणे. चुकलीयस, तर भोगायला हवी." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी त्यांना खरा अर्थ सांगितला नाही. तेव्हा मला मराठीतलीच हवी होती.

तिथं फाटकाला बाहेरून कुलूप होतं. भिंतीवर हातभर अक्षरांत 'शिक्षा और संस्कार'. मॅनेजर नियम सांगत होता. सहा महिने फोन नाही, भेट नाही, गोळ्या पहिल्याच दिवशी एकदम बंद. डॉक्टर? "ज़रूरत पड़ी तो बुला लेंगे." आम्हाला चहा दिला तिथल्याच एका पेशंट बाईनं, माझ्याच वयाची असेल. कप ठेवताना तिच्या बाह्या वर सरकल्या आणि दोन्ही मनगटांवरचे दोरीचे वळ दिसले.

ते अण्णांनीही पाहिले. हळूच म्हणाले, "हीच का गं शिक्षा?"

"अण्णा, भिंतीवर हिंदीतली लिहिलीय, म्हणजे शिक्षण. आत मराठीतली मिळते."

मी सही करणार नाही, असं मोठ्यानं सांगितलं. मॅनेजर हसला. "मरीज़ की कौन सुनता है, अंकल? आप साइन कर दीजिए." पेन अण्णांच्या हातात होतं. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, कारण त्यांनी सही केली असती तर ते फाटक माझ्यामागे बंद होणार होतं. अण्णांनी पेनला टोपण लावलं. "वो नहीं बोलती, तो नहीं," म्हणाले आणि उठले.

टॅक्सीत म्हणाले, "मग आता घरी चल." मी त्यालाही नाही म्हटलं. कराडला माझ्यावर पहारा बसला असता. मला उपचार हवे होते.

मग दिल्लीतल्या द्वारकेच्या माझ्या फ्लॅटवर बसून मी एकेका केंद्राला फोन लावले. डॉक्टर रोज असतात का? गोळ्या हळूहळू कमी करता का? मला निघायचं असेल तर निघता येईल का? तिघांनी फोन आपटला. चौथ्या ठिकाणी डॉक्टरबाई म्हणाल्या, "बिल्कुल, पहले आकर देख लीजिए." अण्णा आणि मी गेलो, पाहिलं. फॉर्म मी भरला, सहीही मीच केली. पहिले दहा दिवस अंग असं फुटायचं की मी त्या बाईंना मराठीत शिव्या दिल्या. त्यांना कळल्या नसाव्यात, किंवा कळल्याही असतील.

याला दोन वर्षं झाली. मध्ये एकदा घसरले. कोणी पकडलं नाही, मीच जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं. आता दर शनिवारी केंद्राच्या ग्रुपमध्ये "मेरा नाम सीमा, मुझे गोलियों की लत थी" हे वाक्य मी न अडखळता बोलते. तिथं माझ्यासारख्या घरापासून लांब आलेल्या पुष्कळ जणी आहेत. एकीच्या घरी ती परदेशी ट्रेनिंगला गेल्याचं सांगितलंय. बायांनो, असल्या थापेआड लपवून कुणी केंद्रात पाठवत असेल तर जाऊ नका. दाराला कुलूप कुठून लागतं ते बघा, प्रश्न विचारा, खुशाल आगाऊ म्हणवून घ्या.

आणि आई, मला कावीळ झाली होती असं तू गावभर सांगितलंयस, ते मावशीकडून कळलं. रागावले नाही, असं म्हणणार नाही. रागावले. ज्या घरात माझ्या आजाराचं नाव घ्यायची चोरी, तिथं मी पाहुणीच असते. मला पाहुणी म्हणून यायचं नाही.

दिवाळीला येतेय. कोणी विचारलं तर खरं सांगणार आहे, फराळाचं ताट हातात असेल तरी. ते चालणार नसेल तर आत्ताच कळव, तिकीट रद्द करायला अजून वेळ आहे.