बेरीकाईचं बेरु

साठ सालाच्या आसपास पुण्याहून बंगळूरला एका प्रयोगशाळेत नोकरीला आले, तेव्हा मी एका आक्कांकडे भाड्यानं राहत होते. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. बोलणं मराठीच, पण कानडीत चांगलं मुरलेलं. परसात त्यांच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, स्वतःच्या हातानं लावलेलं नासपतीचं झाड होतं. नासपतीला इथं बेरीकाई म्हणत. यजमान गेले, दिरांनी वाटणी मागितली, परसात नवं घर उठणार असं ठरलं. झाड जाणार होतं.

"तू झाडांचंच शिकलीस ना गं? ह्याचं काहीतरी कर की," आक्का म्हणाल्या.

नासपतीची फांदी नुसती मातीत खोचली तर बहुतेक वाळूनच जाते. पण आमच्या प्रयोगशाळेत एक पांढरी पूड होती, मुळं फुटायला लावणारं हॉर्मोन. मिठाच्या चिमटीहूनही कमी घ्यायची, स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग पाणी. जरा जास्त झाली की काडी कुजलीच म्हणून समजा. कोवळ्या फांद्यांची बुडं त्यात बुडवून मी त्या ओल्या वाळूत लावल्या आणि वर काचेची बरणी पालथी घातली.

आक्का रोज डोकावायच्या. एकदा विचारलं, "बेरु आलं का गं?"

मला वाटलं, बेरु म्हणजे बेरीकाईचंच लाडाचं नाव. बाईंना आत्ताच फळं हवीत! मी हसून म्हटलं, "आक्का, त्याला चार-पाच वर्षं लागतील."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणून त्या आत गेल्या. पुन्हा बरणीकडे फिरकल्या नाहीत. झाड पाडलं त्या दिवशी जेवल्याही नाहीत.

पुढं एका सकाळी मी एक काडी हलकेच उपसली आणि बघतच राहिले. जिला पानांखेरीज काही ठाऊक नव्हतं, त्या फांदीच्या बुडाला पांढरीशुभ्र मुळं लोंबत होती. पूड मीच मोजली होती, तरी अंगावर काटा आला. पुस्तकात वाचून परीक्षा देता येते. डोळ्यांनी पाहणं निराळंच.

"आक्का, मुळं आली!" ती काडी हातात घेऊन मी ओरडतच स्वयंपाकघरात शिरले.

"बेरु? अन् पाच वर्षं म्हणालीस ती?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कानडीत बेरु म्हणजे मूळ.

"त्या झाडाचं पिल्लू का गं हे?"

"नाही आक्का. बीपासून उगवलं असतं तर पिल्लू. हे फांदीचं आहे, म्हणजे तेच झाड. काकांनी लावलेलं."

आक्कांनी ओले हात पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि मग ओंजळ पुढं केली.