एरंडेलाच्या कळा

चहा संपवून घ्या आधी. हे ऐकताना कुणाच्या नाकातून चहा आला तर मला बोल लावू नका. बायका पहिल्या बाळंतपणाची गोष्ट सांगताना डोळ्याला पदर लावतात. माझ्या बाळंतपणाचा विषय निघाला की आमच्या घरातले पुरुष उठून अंगणात जातात, आणि तिथे जाऊन हसतात.

एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव उंब्रजजवळ. चांगलं उसाचं रान, आणि आमचे हे मिलिटरीत हवालदार. सगळं होतं, पोर तेवढं नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली, तेव्हा यांनीच धीर करून मला सांगलीच्या एका डॉक्टरणीकडे नेलं. गोळ्या झाल्या, कमरेत इंजेक्शनं झाली. हे सुट्टीवर आले की नवराबायकोनं कुठल्या दिवशी जवळ यायचं, तेसुद्धा त्या बाईंनी ठरवून दिलं. हे म्हणायचे, पलटणीत तरी एवढी शिस्त नाही.

पण गुण आला. मला दिवस गेले. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गावभर सांगून टाकलं की देव नवसाला पावला. गोळ्या-इंजेक्शनाचं नाव काढायचं नाही, अशी मला ताकीद. मीही गप्प. देवाला श्रेय गेलं तर इंजेक्शनाला थोडंच वाईट वाटणार होतं?

नऊ महिने भरले. भरून वर दिवस गेले. पोर आपलं आत निवांत. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, फार थांबायला नको. एवढ्या खटपटीनं राहिलेलं पोर आहे, उगाच जोखीम कशाला? सोमवारी या, सलाईनमधून औषध देऊन कळा आणू. घरी विचार करा आणि काय ते सांगा.

घरी विचार म्हणजे काय, प्रत्येकाचं एक मत. हे बाळंतपणासाठी सुट्टी काढून आले होते. म्हणाले, डॉक्टरांचा हुकूम म्हणजे हुकूम. आत्याबाई म्हणाल्या, पिकल्याशिवाय फळ ओढून काढू नये. आणि मी? मला खरं म्हणजे रडू येत होतं. पोर राहिलं औषधानं. आता बाहेर येणार तेही औषधानं. मग यात माझं काय? यांचं तरी काय? येताना तरी त्यानं आपल्या मनानं यावं, एवढंच मला वाटत होतं.

आत्याबाईंनी तोड काढली. म्हणाल्या, सोमवारी सकाळी एरंडेल घे. पोट हललं की कळा येतात. कळा घेऊनच दवाखान्यात गेलीस तर सलाईन लावतील कशाला?

मला पटलं. सोमवारी पहाटे त्यांनी चहातून एरंडेल दिलं. मी नाक दाबून प्याले आणि वाट बघत बसले. काही नाही. आंघोळ झाली, वेणी झाली, तरी काही नाही. मला वाटलं, या वयात आत्याबाईंचा हात आखडलाय, कमी घातलं असणार. मग काय केलं या शहाणीनं? त्या देवापुढे बसल्यात असं बघून बाटली काढली आणि वाटीभर आणखी ओतून घेतलं.

आता तुम्ही हसताय. मला तेव्हा हसू नव्हतं.

हे, आत्याबाई आणि मी, तिघं सांगलीच्या यष्टीत बसलो. कराडपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं. कराड सुटलं आणि पोटात कुणीतरी मोठ्या हंड्यात रवी फिरवावी तसं झालं. अंगाला दरदरून घाम. मी यांच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "आवं, पोटात कालवतंय. गाडी थांबवा, मला उतरू द्या."

यांनी फक्त 'पोटात' एवढंच ऐकलं. उभे राहिले आणि कवायतीच्या मैदानावर देतात तसा आवाज दिला, "कळा सुरू झाल्या! गाडी सोडा बिगी बिगी."

मी म्हणाले, कळा नाहीत. शेजारी मसूरच्या एक जाड बाई बसल्या होत्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "पयलटकरीण आसंच म्हणती," त्यांनी सगळ्या गाडीला समजावलं. "आन उतरू तर अजाबात देऊ नगा. माज्या चुलतजावंचं पोर असंच उसात झालं."

मला उसातच जायचं होतं हो! दोन्ही बाजूंना इतका उंच, इतका दाट ऊस, आणि मला कुणी खाली पाय टाकू देईना.

कंडक्टर भला माणूस. तो म्हणाला, इस्लामपूरला सरकारी दवाखाना आहे, तिथे उतरवू. माझ्या जिवात जीव आला. दवाखाना राहू दे, तिथे संडास तरी असेल. पण आमचे हवालदार ऐकतात होय? सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाई. औषधानं राहिलेलं पोर हाय. गोळ्या, इंजेक्शनं, समदं सांगलीत झालंय. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

मागच्या बाकावर आमच्याच भावकीतले दोघं होते. आत्याबाईंनी पदर डोक्यावरून ओढला तो थेट हनुवटीपर्यंत. नवस तिथेच, भर यष्टीत, संपला.

मग काय विचारता. ड्रायव्हरला चेव आला. इस्लामपूरला उतरणारे लोक आपणहून म्हणाले, आमचं राहू द्या, आधी बाईला पोचवा. इस्लामपूरचा स्टँड माझ्या खिडकीतून मागे गेला. त्या स्टँडवरच्या मुतारीकडे मी ज्या नजरेनं पाहिलं, तशा नजरेनं मी लग्नात यांच्याकडेही पाहिलं नव्हतं. आष्टाही गेलं. हे ड्रायव्हरजवळ उभे राहून बैलगाड्यांना हात करत होते. मसूरच्या बाई माझं पोट चोळत होत्या आणि मी देवाला विनवत होते की निदान हिचा हात तरी थांबव.

दवाखान्याच्या आवारात यष्टी घातली. आजवर त्या फाटकातून रिक्षाशिवाय काही आत आलं नसेल. डॉक्टरीणबाई धावत पायरीवर आल्या. दोन नर्सनी स्ट्रेचर आणलं. मी त्या स्ट्रेचरला वळसा घातला, डॉक्टरीणबाईंना वळसा घातला आणि नऊ महिन्यांचं पोट सांभाळत पळाले ती थेट मागच्या संडासात.

बाहेर सगळी गाडी लिंबाच्या सावलीत थांबलेली. मुलगा की मुलगी, हे कळल्याशिवाय जायला कुणी तयार नाही. बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या. एका म्हाताऱ्यानं हात जोडून विचारलं, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?

"बाळंतीण अजून व्हायचीय," बाई म्हणाल्या. "पोट साफ झालंय, तेवढंच."

म्हणे सगळे एकेक करून गाडीत जाऊन बसले. ड्रायव्हर मुकाट्यानं चढला आणि त्यानं गाडी चालू केली. मसूरच्या बाईंनी तेवढं यांना विचारलं, "कितीक पाजलं हुतं?"

मी आत पिळून काढलेल्या धडप्यासारखी पडले होते. डॉक्टरीणबाई आल्या. रागावल्या नाहीत. आधी त्यांनी ते लाकडी नरसाळं पोटावर ठेवलं आणि कान लावला. एका जागी ऐकलं, दुसऱ्या जागी ऐकलं, पुन्हा पहिल्या जागी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना. इतकी वर्षं वाट बघितली ते पोर मी एका वाटीपायी घालवलं की काय?

"ठोके चांगले आहेत," त्या शेवटी म्हणाल्या. मग मी ढसाढसा रडले. रडता रडता सगळं बोलले. राहिलं औषधानं, येऊ तरी आपल्या मनानं दे, म्हणून हे केलं, असं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, एरंडेल हे काय मग प्रसाद आहे? तेही औषधच. फरक इतकाच, की मी देते ते मोजून देते."

खरं सांगू का, ते ठोके चांगले आहेत म्हटल्यावर माझा हट्टच गळून पडला. पोर कसं येतंय याचं मला काही राहिलं नाही. आलं म्हणजे झालं. म्हणाले, लावा सलाईन.

मला जरा हुशारी येऊ दिली आणि मग लावलं. थेंब थेंब औषध जाऊ लागलं. आत्याबाई पदर वर करून शेजारी बसल्या. दुपार कलली तशी पोटातून कमरेत, कमरेतून पोटात अशी एक सणक आली. मग दुसरी. दिवेलागणीपर्यंत एकामागून एक येत राहिल्या आणि खाली जोर करावासा वाटायला लागला. मी ओळखलं. सकाळपासून ओळख झाली होती ना! मी नर्सला म्हणाले, बाई, मला मागे जायचंय. ती म्हणाली, झोपून राहा, या कळा आहेत. मी म्हणाले, मला नका शिकवू, सकाळी सगळी यष्टी हेच म्हणत होती.

मी ऐकेना. सलाईनची बाटली दुसऱ्या हातात धरून खाटेवरून एक पाय खाली टाकला. आत्याबाई आडव्या झाल्या, त्यांनाही बाजूला सारलं. म्हणाले, वाटीभर जास्त मी प्यालेय, मला ठाऊक आहे काय आहे ते, सोडा मला.

नर्सनं मला खांद्याला धरून मागे लोटलं, लुगडं वर केलं, खाली वाकून बघितलं आणि आत्याबाईंना म्हणाली, "आजी, हिला सांगा, एरंडेलाला केस नसतात."