खुर्चीत बसायची माझी पाळी

आमच्या मंडळीत एक रीत आहे. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनेला सगळे जमतात, आणि ज्याला स्वतःसाठी प्रार्थना हवी असते तो मधल्या खुर्चीत बसतो. बाकीचे भोवती उभे राहून त्याच्या डोक्यावर, खांद्यावर हात ठेवतात. आजारी माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, तर त्याच्या वतीनं घरचं कुणी बसलं तरी चालतं. खुर्ची लाल प्लास्टिकची. ती आमच्या इमारतीखाली किराणा दुकान चालवणाऱ्या मारवाडी भाऊंची. "ताई, आज देवाची बैठक ना? खुर्च्या न्या वर," असं ते आपणहून सांगतात. जळगावात असे शेजारी मिळाले हे आमचं भाग्यच.

त्या खुर्चीमागे उभं राहून प्रार्थना करायचं काम माझं. कधी ठरलं, कुणी ठरवलं, देव जाणे. पण मी तोंड उघडलं की शब्द नुसते धो धो यायचे. 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या' इथून जी गाडी सुटायची ती थेट 'आमेन'लाच थांबायची. बायका पदरानं डोळे पुसायच्या. "बाईंची प्रार्थना म्हणजे अंगावर काटा येतो हो," असं कुणी म्हटलं की मी "छे छे, सगळं त्याचंच" म्हणायची आणि चहा टाकायला आत जायची. मनातून मात्र गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला बोलू?

मग अक्काचं दुखणं निघालं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, धुळ्याला दिलेली. पोटात गाठ निघाली आणि शुक्रवारी ऑपरेशन ठरलं. मी बुधवारी सकाळची एसटी पकडून धुळ्याला गेले. पारोळा आलं तशी खिडकीतून आमच्या गावाकडे जाणारा फाटा बघितला. त्याच गावात आम्ही दोघी वाढलो. आबा, म्हणजे आमचे वडील, रोज संध्याकाळी अंगणात खाटेवर बसून देवाशी बोलायचे. अगदी बोलायचेच, तेही आमच्या अहिराणीत. बैल लंगडतोय, पोरी ऐकत नाहीत, तू काय करतोस तिकडे बसून, अशी भांडणंसुद्धा व्हायची. आम्ही दोघी तोंडावर हात दाबून हसायचो.

दवाखान्यात अक्का पलंगावर पडलेली, चेहरा उतरलेला. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि सुरू झाले. महान वैद्य म्हटलं, करुणेचा सागर म्हटलं, वचनांवर वचनं लावली. शेजारच्या पलंगावरची पेशंट आणि तिची सून, दोघींनी हात जोडले. मी आमेन म्हणून डोळे उघडले, तर अक्का माझ्याकडेच बघत होती.

"छान झाली," ती म्हणाली. मग हळूच आमच्या भाषेत म्हणाली, "पण पोचनी नही वं."

पोचली नाही! एवढा संताप आला मला. कुणासाठी आले मी ऊन खात? कुणासाठी घसा कोरडा केला? ऑपरेशन तिचं आहे म्हणून गप्प बसले, नाहीतर तिथल्या तिथे सुनावलं असतं. तिनं माझा हात धरून ठेवला आणि एवढंच विचारलं, "एकटी असताना बोलतेस का गं त्याच्याशी?"

मी "हो तर" म्हटलं आणि पर्समधली मोसंबी सोलायला लागले.

परतीच्या एसटीत रागानं अंग नुसतं फणफणत होतं. बोलत नाही म्हणजे काय? घरी जाऊन बघतेच, असं म्हणत आले. घरी कुणी नव्हतं, आमचे हे फिरायला गेले होते. स्वयंपाकघरात पाटावर बसले, डोळे मिटले. 'हे परमदयाळू' एवढं म्हणाले आणि पुढे काही येईना. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. समोर पदर नाही, डोळे पुसणारं कुणी नाही, तर माझ्याजवळ देवाला सांगायला एक शब्द नव्हता. कुकर तसाच ओट्यावर पडलेला, आणि मी पाटावर. शेवटचं एकटीनं कधी बोलले होते, आठवेचना. भीती वाटली हो मला, खरोखर भीती वाटली. उद्या संध्याकाळी सगळे अक्कासाठी प्रार्थना करायला जमणार, परवा ती टेबलावर जाणार, आणि मी खुर्चीमागे उभी राहून काय करणार, तर पुन्हा तीच गाडी सोडणार?

गुरुवारी सगळे जमले. गाणं झालं, वचन वाचून झालं. "कुणाला बसायचंय?" असं कुणी विचारलं आणि मी जाऊन खुर्चीत बसले.

कुणाला नवल वाटलं नाही. बहिणीचं ऑपरेशन उद्या, हे सगळ्यांना माहीत होतं. धडाधड हात येऊन पडले माझ्या डोक्यावर, आणि चहूबाजूंनी सुरू झालं: प्रभू, आमच्या धुळ्याच्या भगिनीला, प्रभू, त्या डॉक्टरांच्या हातांना. मी मध्ये बसून ऐकतेय. वाटलं, चाललंय तसं चालू दे. अक्काचं काम होतंय, माझी झाकली मूठ राहतेय. कुणाला कळणार आहे?

पण अक्काच डोळ्यांसमोर आली, तशी बघत असलेली.

"अहो, थांबा!" मी जवळजवळ ओरडलेच. "तिच्यासाठी मागाच तुम्ही. पण मी तिच्या वतीनं नाही बसले. मी माझ्यासाठी बसलेय."

हात तिथेच थबकले. "का हो, शुगर वाढली का?" एकीनं काळजीनं विचारलं. आता हिला काय सांगू? नेहमीचे भारदस्त शब्द शोधले, एकही सापडला नाही. तोंडातून आलं ते गावाकडचं, आबांच्या खाटेजवळचं. "माले प्रार्थना येत नही," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर, नाक ओढत.

पुढची गंमत ऐका. कुणी प्रार्थनाच करेना! अक्कासाठी सगळ्यांना शब्द सुचले होते, पण माझ्यासाठी मागायची वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. शेवटी नाना पुढे झाले. नाना म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, मंडळीत कधी तोंड न उघडणारे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, घसा खाकरला आणि म्हणाले, "देवा, ही बाई आमच्यासाठी मागत राहिली. हिला काय पाहिजे, ते आम्ही कधी विचारलंच नाही. आम्हाला माफ कर. हिला जवळ घे." आणि आमेन म्हणायचं विसरून तसेच उभे राहिले.

आमेन मी म्हटलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! एवढी वर्षं त्या खुर्चीत लोक का बसतात, हे मला त्या दिवशी कळलं. नानांचे, त्या सगळ्यांचे आणि प्रभूचे आभार मानावे तेवढे थोडेच. त्यानं माझी दुबळी बाजू चारचौघांत उघडी पाडली आणि तिथेच मला धरलंही. सगळे गेल्यावर मी भांडी घासत घासत त्याच्याशी बोलले. माझी अक्का वाचव म्हणाले, मी घाबरलेय म्हणाले. आबांसारखं थोडं भांडलेसुद्धा.

अक्काचं ऑपरेशन नीट पार पडलं. गाठ साधी निघाली. महिन्याभरानं ती आमच्याकडे विश्रांतीला आली आणि पहिल्याच गुरुवारी हट्टानं त्या लाल खुर्चीत जाऊन बसली. मी मागे उभी राहिले. सगळे डोळे मिटून माझ्या लांबलचक प्रार्थनेची वाट बघत होते. मी अक्काच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झाले होते तिचे.

"हाई मनी अक्का शे," मी म्हणाले. "तूच देखजो."

ही माझी अक्का, तूच बघ, एवढंच मागून आमेन म्हटलं. कुणीतरी एक डोळा उघडून बघितलं, झालंच का म्हणून. अक्कानं मान वळवली नाही. डोक्यावरचा माझा हात तिनं आपल्या हातानं दाबून धरला.

"पोचनी," ती म्हणाली.