शेवटच्या रांगेतला हात

केदारखेड्याहून काशिनाथच्या पुतण्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. काका गेले, एवढंच तो म्हणाला. ताट झाकून ठेवलं... घरात सांगायला कोणी नव्हतं. पुढे शोकसभेत एकजण बोलला, माणूस फार भला, फक्त रंगमंचावर त्याचे शब्द कळत नसत. मी मान खाली घालून बसलो. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

जालना जिल्हा झाला आणि गावाला नाट्यगृह हवंसं वाटू लागलं. जुन्या जालन्यातलं निजामाच्या काळातलं कापसाचं दगडी गोदाम आम्हाला मिळालं. मी नाट्यगृह समितीचा चिटणीस. काशिनाथ कापडाच्या दुकानात नोकरीला आणि आमच्यातला सर्वांत चांगला नट. गोदामात बोललेला शब्द भिंतीवर आपटून परत यायचा आणि पुढच्या शब्दात मिसळायचा. काशिनाथने तागाची रिकामी पोती आणली, दुहेरी शिवली आणि मागच्या भिंतीवर टांगली. "आता बोल," तो म्हणाला, "बघ, आवाज वापस येऊन राह्यला का?" नव्हता येत.

उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. त्या सकाळी ती कळकट पोती माझ्या डोळ्यांत सलली. कुणाला न विचारता मी ती उतरवून मागच्या खोलीत टाकली. नाटक काशिनाथच्या लांब भाषणांवर उभं होतं. त्याच्या पहिल्याच वाक्याचा गलका झाला. "तोंडातलं पान थुंक आधी," मागून कोणी म्हणालं आणि हशा पिकला. तो आणखी जोरात बोलत गेला, तसा गलका वाढत गेला.

पडदा पडल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. "दत्ता, पोती कुठं गेल्ती रे?"

"मला काय माहीत."

तो "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने पोती शोधून पुन्हा टांगली. रंगमंचावर मात्र कधीच उभा राहिला नाही. प्रत्येक प्रयोगाआधी शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्याच्या खुर्चीत तो बसे. नट एक वाक्य बोलत, नीट ऐकू आलं की तो हात वर करी. वीसेक वर्षं तो हात मी विंगेतून पाहिला. दर वेळी वाटायचं, आज सांगू...

गेल्या आठवड्यात भरदुपारी रखवालदाराकडून किल्ली घेऊन आत गेलो. रंगमंचावर उभा राहिलो आणि त्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "काशिनाथ, पोती मी काढल्ती."

शब्द मागच्या भिंतीपर्यंत गेला. परत आला नाही. तरी मी बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत उभा होतो.